अकीकातली बकरी

माझा धाकटा भाऊ परदेशात असतो. काही वर्षांपूर्वी मी त्याच्याकडे गेले होते, तेव्हा एका दुपारी आम्ही दोघं फिरता फिरता गारठून गेलो आणि समोर दिसलं त्या संग्रहालयात शिरलो. त्याला ऊब हवी होती, मला बसायला जागा. बाक मिळाला तो एका काचेच्या कपाटासमोर. आत प्राचीन ग्रीसमधल्या अंगठ्या होत्या. सोनं बऱ्याच ठिकाणी चेपलेलं, आणि खडे चिंचोक्याएवढे. खड्यांमध्ये नुसतं काहीतरी ओरखडल्यासारखं दिसत होतं. पण प्रत्येक खड्याशेजारी पांढऱ्या प्लास्टरची एक लहानशी चकती ठेवली होती, आणि त्या चकतीवर सगळं स्वच्छ उठलं होतं. एका चकतीवर बगळा होता. एका पायावर उभा, मान खांद्यात ओढून घेतलेली, छातीवरची पिसं सुद्धा मोजून घ्यावीत अशी.

मी दातांची डॉक्टर आहे. नंदुरबारला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा दवाखाना आहे. त्यामुळे बगळ्याच्या आधी मी प्लास्टर ओळखलं. मी ते रोज कालवते. कवळीसाठी तोंडाचं माप घेतलं की त्या मापात प्लास्टर ओततात, आणि खोलगट होतं ते उंच होऊन बाहेर येतं. इथंही तेच होतं. त्या काळचे लोक अंगठी मेणावर किंवा ओल्या मातीवर दाबून मोहोर उठवायचे, म्हणून चित्र खड्यात उलटं आणि आत खोल कोरायचे. खरं चित्र खड्यात नव्हतंच, ते मातीवर उठायचं. भाऊ कंटाळून दोनदा पुढचं दालन पाहून आला. मी बगळ्यासमोरच होते. निघताना त्यानं मला संग्रहालयाच्या दुकानातून तसल्या खड्यांच्या फोटोंचं एक जाडजूड पुस्तक घेऊन दिलं.

परत आल्यावर माझ्या डोक्यातून तो बगळा जाईना. वरच्या दाढांचं काम आम्ही तोंडात धरलेल्या छोट्या आरशात बघून करतो. डावं ते उजवं, पुढचं ते मागचं, असं उलट्यात काम करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे. पुस्तकात लिहिलं होतं की ते कारागीर धनुष्याच्या दोरीनं फिरणारी बारीक सळई वापरायचे, आणि टोकाला तेलात कालवलेली खरखरीत दगडाची पूड लावायचे. त्यांच्याकडे भिंग होतं की नव्हतं, यावर अजून वाद आहे म्हणे. माझ्याकडे भिंगाचा चष्मा होता, विजेवर फिरणारं मशीन होतं आणि हिऱ्याची पूड चढवलेली बारीक टोकं तर डबाभर होती, दातांसाठी बोथट झालेली. मला वाटलं, करून तर बघू.

आमच्या घरचा धंदा मिरचीचा. नवऱ्याच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन इथं आडत सुरू केली, ती अजून चालू आहे. थंडीत बाजारात मिरची यायला लागली की माझा पेशंट आधी आ करतो आणि मग शिंकतो. नवरा दिवसभर त्या खकाण्यात असतो, पण माणूस शांत. मी काय करतेय ते त्याला सांगितलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं की दगड तापेल त्याचं काय. दुसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यातल्या सलाईनच्या स्टँडला पाण्याची बाटली टांगून दिली. नळीतून थेंब थेंब पाणी खड्यावर पडत राहील अशी सोय. दुपारी दवाखाना बंद असतो, त्या वेळात मी बसायला लागले. पहिला पक्षी झाल्यावर मी त्याला प्लास्टर दाखवलं. बराच वेळ बघून तो म्हणाला, खुर्ची छान झालीय.

खडे मला चाचांकडून मिळायचे. चाचा म्हणजे आमच्या गावातले जुने अंगठीवाले. दवाखान्याच्या पुढं एका बंद दुकानाच्या पायरीवर ते लाकडी ट्रे घेऊन बसत. अकीक, फिरोजा, चांदीची कोंदणं. बाजाराच्या दिवशी गाडीनं खांडबाऱ्याला जात. वयानं सत्तरीच्या पुढचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं कमी. मी अकीक मागितला तेव्हा त्यांनी कोणत्या बोटाला ते विचारलं. बोटाला नको, त्यावर कोरायचंय, असं मी म्हटलं. लोक नाव कोरून घेतात, दुआ कोरून घेतात, ते काम सुरतेला मशीनवर होतं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, मला पक्षी कोरायचाय, आणि स्वतःच कोरायचाय. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ट्रेच्या खालून एक पुडी काढली आणि चिरा गेलेले, डाग पडलेले खडे माझ्या हातावर ठेवले. आधी हे बिघडवून घ्या, म्हणाले.

ते मी मनापासून बिघडवले. अकीक दातापेक्षा पुष्कळ कठीण. कोऱ्या चहासारखा त्याचा रंग, उजेडाकडे धरला की आतपर्यंत दिसतो, पण टोक लावलं की घसरतो. मी खडा चमच्याच्या दांड्यावर चिकटवून धरायची, आणि चिकटवायला मापासाठीचीच गरम करून मऊ होणारी तपकिरी वडी. वीज गेली की हात तसाच धरून बसायची. हळूहळू कळत गेलं की आधी पोट कोरायचं, कारण पोट सगळ्यात पुढं असतं म्हणून खड्यात सगळ्यात खोल जातं. मग मांड्या, मग मान, आणि पाय अगदी शेवटी, नुसते टेकवल्यासारखे. पावसाळा संपता संपता माझा बगळा बगळ्यासारखा दिसायला लागला. चाचांना दाखवायला गेले तेव्हा मी त्यांना पुस्तकात वाचलेलं सांगितलं, की हा लाल दगड पूर्वी राजपीपळ्याच्या डोंगरातून निघून भडोचच्या बंदरातून जहाजानं पश्चिमेला जायचा, आणि त्या लोकांच्या काही अंगठ्यांतही तो असेल असं काहींना वाटतं. राजपीपळा म्हणजे अक्कलकुव्याच्या पलीकडचाच मुलूख. चाचांना नवल वाटलं नाही. त्यांचा मालही खंबातच्या खडे घासणाऱ्यांकडून यायचा, आणि तिथं अजून त्याच डोंगरातला दगड येतो. त्यांनी बगळ्याचं प्लास्टर मात्र मागून घेतलं. घरी दाखवतो, म्हणाले.

घरी म्हणजे चाचीला. मी चाचीला तोवर पाहिलं नव्हतं. पण बगळा तिच्यापर्यंत पोचला नाही. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली होती, आणि बोटांची टोकंही बधिर झाली होती. चाचांनी तिच्या हातात चकती दिली, ती तिनं चाचपली आणि सपाट शे म्हणून परत दिली. मग चाचांनी तो बगळा तिला तोंडानं सांगितला. पाय कसा, चोच कशी. ऐकून घेऊन तिनं विचारलं की त्या डॉक्टरबाईला बकरी येते का.

हे चाचांनी मला आठवड्यानं सांगितलं, तेही जरा संकोचून, आणि तिला घेऊन आले तेव्हा. यायचं कारण कवळीचं होतं. तिचे सगळे दात गेले होते, भाकरी भिजवून खात होती. बारीक चणीची, हसरी बाई. नवऱ्याचा दंड धरून आली आणि खुर्चीत बसल्यावर सगळ्यात आधी तिनं खुर्चीचे हात चाचपून पाहिले. खांडबाऱ्याजवळच्या एका खेड्यातलं तिचं माहेर. बोलणं अहिराणी, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारं, मध्येच एखादा गुजराती शब्द, आणि दर थोड्या वेळानं अल्लाचं नाव.

कवळीला चार-पाच खेपा लागतात, आणि माप घेताना तोंड भरलेलं असलं तरी मधल्या वेळात माणूस बोलतो. बकरीची गोष्ट मला अशी तुकड्यातुकड्यानं कळली. तिच्या वडलांच्या घरी बकऱ्या होत्या. त्यातल्या एकीची आई तिला जन्म देतानाच गेली, तेव्हा या लहान मुलीनं तिला चिंधी दुधात बुडवून वाढवलं. ती बकरी मग तिच्या मागंच असायची, विहिरीवर, शेतावर, शाळेच्या ओट्यापर्यंत. लग्न होऊन ती नंदुरबारला निघाली तेव्हा बकरी खांडबाऱ्याच्या स्टेशनापर्यंत वरातीबरोबर चालत आली. नवरी गाडीत बसली आणि बकरी फलाटावर राहिली. गाडी हलली तसं तिचं ओरडणं आत ऐकू येत होतं.

पुढं तिचं काय झालं, असं मी विचारलं.

चाची म्हणाली की तिनं कधी विचारलं नाही. माहेरी पहिल्यांदा गेली तेव्हा बकरी दावणीला नव्हती. विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं, म्हणून नाही विचारलं. हे तिनं अगदी सहज सांगितलं आणि तोंड उघडलं, मी काम पुढं करावं म्हणून.

मी त्याच दुपारी पुस्तकात बकऱ्या शोधल्या. ग्रीकांच्या खड्यांत त्या भरपूर आहेत. एक तर फार सुंदर आहे, बसलेली बकरी उठतेय, पुढचे गुडघे अजून जमिनीवर आणि मागचा भाग वर आलेला. बकरी अशीच उठते. मी ती समोर ठेवून कोरायला घेतली. चाचांनी यावेळी चांगला खडा दिला, एकही चीर नसलेला. पण त्यांना एक शंका होती. जनावराचं चित्र बोटात घालून नमाज कशी पढायची. त्यांचं म्हणणं पडलं की मौलवींना विचारावं. चाचीचं म्हणणं पडलं की बोट तिचं आहे, विचारायचं तर ती विचारेल, आणि तसंही नमाजच्या वेळी काढून ठेवता येईल. मग चाचा म्हणाले, तू काढून ठेवशील आणि मला शोधत बसावं लागेल.

यावर उपाय पुस्तकातच होता. त्या लोकांच्या पुष्कळ अंगठ्यांत खडा घट्ट बसवलेला नसे. त्याच्या लांबीतून आरपार भोक पाडून त्यातून तार घातलेली असे, आणि खडा तारेवर फिरायचा. एका बाजूला भुंग्याची पाठ, दुसऱ्या बाजूला कोरलेलं चित्र. एरवी भुंगा वर आणि चित्र बोटाला टेकलेलं, मोहोर उठवायची वेळ आली की उलटं. मी चाचांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो कितीतरी वेळ बघितला. नमाजला बकरी आत वळवायची, एवढंच ते म्हणाले आणि पान उघडं ठेवून पुस्तक मागून घेऊन गेले. त्यांचा प्रश्न सुटला होता.

बकरी झाली, पण चाचीला ती दाखवायची कशी हे मला सुचत नव्हतं. बोटांना कळणार नाही हे बगळ्यानं सिद्ध केलं होतं. प्लास्टर मोठं करता येत नाही. तेवढ्यात तिची कवळी तयार होऊन आली. मी ती बसवली, घासून सारखी केली, तिनं दोन-तीनदा मिटून उघडून पाहिलं आणि गालाला बोट लावून म्हणाली, "आठे काहीतरी शे."

मी कवळी काढून बोट फिरवलं. काही नव्हतं. भिंगाचा चष्मा लावून पाहिलं तरी काही नव्हतं. परत घातली. ती जिभेनं आतून चाचपत म्हणाली की आहे, डावीकडे, मागं. शेवटी दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा सुईच्या टोकाएवढा एक फुगवटा दिसला. तो घासला आणि तिची तक्रार गेली.

मी हे रोज बघते. दाताला केसाएवढी खाच पडली तरी जिभेला ती विहीर वाटते. आरशात बघून लोकांचा विश्वास बसत नाही, एवढंसं होतं का म्हणतात. साखरेनं चाचीची बोटं नेली होती, पण जीभ शाबूत होती. मी तिला दोन दिवसांनी परत बोलावलं. तेवढ्यात खड्यावरून ठसा घेऊन तो कवळीच्याच गुलाबी मसाल्यात ओतला, उकळून घेतला, कडा गुळगुळीत केल्या. नखाएवढी गुलाबी चकती, तिच्यावर उठणारी बकरी.

चाचीला मी सांगितलं की कवळी काढ आणि हे तोंडात धर, गिळू नको. चाचा बाजूला उभे होते. बायकोच्या तोंडात बकरी घालायची म्हटल्यावर ते खिडकीतून बाहेर बघायला लागले. तिनं ओठ मिटले. गाल आत गेले, जीभ आत हळूहळू फिरत होती ते बाहेरून कळत होतं. मग तिच्या भुवया वर गेल्या. चकती बोटांत काढून घेऊन ती एकेक सांगायला लागली. शिंगं आहेत. दाढी आहे. पाठ. पोट भरलेलं आहे. पाय दुमडलेत. परत तोंडात घातली. आता तिचा चेहरा बदलला होता. एखादं माणूस आपल्याकडे येतंय असं वाटावं आणि जवळ आल्यावर ते दुसरंच निघावं, तसा.

"बकरी शे," ती म्हणाली. "पन मन्ही नई शे."

मी विचारलं, काय चुकलं. तिनं हात वर करून माझं डोकं शोधलं आणि माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवून ते खाली ओढत आणले, पार हनुवटीपर्यंत.

"मन्ही बकरीना कान खाले व्हतात."

मी पुस्तकातली बकरी कोरली होती. तिचे कान आखूड आणि ताठ, डोक्याच्या बाजूला नुसती एक पानासारखी रेघ. तिकडच्या डोंगरातली ती. आमच्याकडच्या बकऱ्यांचे कान लांब, रुंद, गालावरून लोंबणारे. जन्मभर रस्त्यात पाहिले होते आणि एकदाही मनात आले नाहीत. दातात चुकून जास्त कोरलं तर सिमेंट भरता येतं. खड्यात कोरलेलं बुजवता येत नाही. दुसरा खडा घ्यावा लागणार होता. चाची मला समजावू लागली की नको, चांगली आहे, ही पण चांगली बकरी आहे. तिला वाईट वाटलं होतं ते माझ्या मेहनतीचं. मी म्हटलं, तुझी बकरी कशी होती ते मला दाखव.

म्हणून आम्ही तिघं खांडबाऱ्याच्या बाजाराला गेलो. सकाळच्या गाडीनं. चाचांनी त्यांचा ट्रे बरोबर घेतलाच, पण पोचल्यावर तो ओळखीच्या दुकानात ठेवला आणि बायकोचा हात धरून जनावरांच्या बाजूला निघाले. तिथं बकऱ्या बांधलेल्या होत्या, उभ्या, बसलेल्या, एकमेकींच्या अंगावर तोंड घासणाऱ्या. आमचं घर जैनांचं. त्यांतल्या पुष्कळशा कुठं जाणार हे मला ठाऊक होतं आणि चाचीलाही होतं. 

चाची एकेका बकरीजवळ खाली बसायची. बोटांना नीट कळत नव्हतं, म्हणून ती कान उचलून स्वतःच्या गालावर ठेवायची. डोळे मिटून तशीच राहायची आणि मग मान हलवायची, नाही. विकणाऱ्यांना वाटलं बाई पारखी आहे. एकानं दात दाखवायला बकरीचं तोंड उघडलं, तेव्हा चाचा म्हणाले की दात बघायला आम्ही डॉक्टर आणला आहे, आणि आपल्या बोलण्यावर स्वतःच हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. डोंगरातून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईकडे एकच बकरी होती, काळी, कानांवर पांढरे ठिपके. तिचा कान चाचीनं गालावरून काढलाच नाही. बकरीही उभी राहिली, हलली नाही. "असा," चाची म्हणाली. "पन जरासा लांबा."

त्या म्हाताऱ्या बाईचं आणि चाचीचं बोलणं एकमेकींना अर्धंमुर्धंच कळत असावं. बाई घरी पावरी, डोंगरातली बोली, बोलणारी. पण तिनं विचारलं नाही की घ्यायची नसेल तर का धरून बसलीस. ती पण खाली बसली आणि बकरीची मान खाजवत राहिली. मी पर्समध्ये दवाखान्यातलं गुलाबी मेण आणलं होतं. ते हातात मऊ करून चाचीला दिलं. तिनं कान करायला घेतला. करायची, ओठांवरून फिरवून बघायची, मोडायची. शेवटी जो झाला तो तिनं माझ्या हातावर ठेवला. मुळाशी निमुळता, मध्ये पसरट, आणि टोकाशी किंचित पुढं वळलेला. ते वळण तिथल्या एकाही बकरीला नव्हतं. ते तिच्या बकरीचं होतं.

तो मेणाचा कान समोर ठेवून मी दुसरा खडा कोरला. लोंबता कान गालाच्या वर येतो, म्हणजे खड्यात तो गालापेक्षा खोल जायला हवा. गाल आधी उथळ ठेवायचा आणि त्यातून पुन्हा कानासाठी उतरायचं, आणि तेवढ्याशा जागेत दोन्ही राखायचं. ग्रीकांना हे काम पडलं नसावं, किंवा पडलं असेल तर मला ते पुस्तकात सापडलं नाही. मिरचीचा हंगाम सुरू होता. शिंक आली तर हात उचलायचा, हे मी स्वतःला बजावून बसायची. एकदा उचलायच्या आधीच आली, आणि बकरीच्या पाठीवर एक ओरखडा राहिला. तो मी केसांच्या रेघांमध्ये मिसळून टाकला. नवरा संध्याकाळी घ्यायला आला की आधी भिंगातून बकरी बघायचा. एक दिवस त्यानं खुर्ची म्हटलं नाही. तो म्हणाला, ही आता आपल्याकडे बघतेय.

चाचांनी खड्याला आरपार भोक पाडून आणलं, खंबातहून. चांदीची तार त्यांनी स्वतः वळवली, आणि खडा फिरेल पण डुगडुगणार नाही असा बसवला. भुंगा त्यांनी कोरला नाही, तिथं नुसती गुळगुळीत पाठ ठेवली. मी पुन्हा एक गुलाबी चकती ओतली.

या वेळी चाचीला मी काही सांगितलं नाही. तिनं कवळी काढून माझ्या हातात दिली आणि तोंड उघडलं, लहान मूल प्रसादाला उघडतं तसं. चकती तिच्या जिभेवर ठेवली. ओठ मिटले. बाहेर रिक्षा जात होत्या, कोणीतरी गाडी मागं घेत होतं. तिची जीभ एकाच जागी थांबली असावी, कारण गाल हलत नव्हते. चाचा खिडकीकडे गेले नाहीत, तिच्यासमोरच उभे होते. बराच वेळ झाला तसं त्यांनी तिला हळूच विचारलं की काय, आहे का ती. तिनं चकती गालात सरकवली, सुपारी सरकवावी तशी.

"उनी," ती म्हणाली.

उनी म्हणजे आली. एवढंच. मग तिनं चाचांचा हात शोधून धरला. चकती काही तिनं परत दिली नाही. मी मागितलीही नाही. त्या दिवशी चाची ती गालात धरूनच घरी गेली, आणि चाचा दारातून वळून मला म्हणाले की आता जेवायला कशी काढते बघू.

अंगठी तिच्या बोटात आली. चाचा रोज नमाजच्या आधी तिचा हात हातात घेत आणि खडा फिरवून बकरी आत करत, नंतर परत वर आणत. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या शेजारच्या बाईनं सांगितलं, ती मापाला आली होती तेव्हा. म्हणाली, एवढ्या वर्षांत म्हाताऱ्यानं बायकोचा हात असा धरलेला आम्ही पाहिला नव्हता, आता दिवसातून इतक्यांदा धरतो.

दीड-दोन वर्षं ते चाललं. मग एका उन्हाळ्यात चाचा गेले. दुपारी पायरीवरून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत गेले. मी भेटायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलं होतं. चाचीनं माझा आवाज ओळखला. रडली नाही. खडा फिरवायला तिला जमत नाही, बोटांत जोर नाही, असं तिनं मला सांगितलं, आणि मी काहीतरी करीन असं तिला वाटत होतं. मी तारेला तेलाचा थेंब सोडला आणि तिचा अंगठा खड्याच्या कडेवर कसा ठेवायचा ते दाखवलं. आम्ही दोघी ते पुन्हा पुन्हा करत बसलो. आत, वर. आत, वर. तिला आलं तेव्हा ती थकून भिंतीला टेकली.

आता ती सुरतेला लेकीकडे असते. कवळी ढिली झाली की लेक तिला गाडीनं घेऊन येते. सुरतेला डॉक्टर नाहीत का, असं मी विचारलं तर लेक म्हणाली की ती दुसऱ्या कोणाला तोंड उघडून देत नाही. गेल्या खेपेला दोघी दुपारच्या गाडीनं आल्या. मी कवळीला आतून मऊ थर दिला आणि तो धरेपर्यंत तिला तोंड मिटून बसायला सांगितलं.  तेवढ्यात स्टेशनकडच्या मशिदीतून अजान ऐकू आली.

तिनं हातानंच विचारलं, इथं पढू का. खाली बसणं तिच्या गुडघ्यांना जमत नाही. मी खुर्ची सरळ केली, दिवा बाजूला सारला आणि लेकीनं सांगितलं त्या दिशेला खुर्ची फिरवली. माझी खुर्ची पुरती फिरत नाही, थोडी अडली, तेव्हा चाची स्वतःच तिरकी होऊन बसली. लेकीनं तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. बाहेर गाल सुजलेला एक माणूस नंबर लावून बसला होता. त्याला मी जाऊन सांगितलं की जरा वेळ लागेल. तो म्हणाला, लागू द्या. मग मी आत येऊन घरघरणाऱ्या कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं, आणि दार लोटून घेऊन त्याच्याशेजारी बाकावर बसले.